चौथं चाक सोडून सगळं

‘फक्त’ या शब्दाइतका महागडा शब्द कुठल्याच भाषेत नसेल. ‘फक्त हॉलला रंग काढायचाय’ असं म्हणणाऱ्याच्या घरी तीन महिन्यांनी जाऊन पाहावं: फरशी उखडलेली, फ्रिज गॅलरीत आणि यजमान ओट्यावर बसून सुताराची वाट पाहताहेत. अमेरिकेत या शब्दाचे बळी गॅरेजात सापडतात. तिथे एका विशिष्ट जमातीच्या गृहस्थाकडे १९८०च्या दशकातली एक तीनचाकी असते. ही आपली रिक्षा नव्हे. रिक्षाला निदान मीटर असतो, म्हणजे खर्च किती झाला ते कळतं. ही वाळूत, चिखलात, बर्फात उंडारायची गाडी. पुढे एक चाक, मागे दोन, तिन्ही टायर बाळसेदार, मोटरसायकलसारखं हॅण्डल आणि वर एकच सीट. होंडाने तिचं नाव ठेवलं ‘ऑल टेरेन सायकल’, म्हणजे एटीसी. कुठल्याही जमिनीवर चालणारी. सध्या ती गॅरेजातल्या सिमेंटच्या जमिनीवर, लाकडी ठोकळ्यांवर, नाक वर करून उभी आहे आणि तिचं पुढचं चाक शिक्षा झालेल्या पोरासारखं कोपऱ्यात आहे. शेजारी विचारतो, “काय चाललंय?” गृहस्थ म्हणतो, “काही नाही, फक्त पुढचा फोर्क बदलतोय.” हा संवाद ऑक्टोबरातला. पुढच्या ऑक्टोबरात तोच संवाद शब्दशः पुन्हा होतो. शेजारी तेवढा नवा असतो. माझं म्हणणं असं, की हा गृहस्थ फोर्क बदलतच नाहीये. जपानी इंजिनियरांच्या फौजांना जो इतिहास घडवायला अठरा वर्षं लागली, तो तो एकटा, एका बल्बच्या उजेडात, पदरमोड करून पुन्हा घडवतोय.

कारण मुळात या गाडीला बदलण्याजोगा फोर्कच नव्हता. १९६०च्या दशकाच्या शेवटी होंडाच्या अमेरिकेतल्या विक्रेत्यांचं रडगाणं होतं, की हिवाळ्यात मोटरसायकल कोणी घेत नाही, थंडीत खपेल असं काहीतरी द्या. हे काम ओसामु ताकेउची नावाच्या इंजिनियरकडे आलं. त्याने चाकांच्या वेगवेगळ्या संख्या जुळवून पाहिल्या आणि बर्फातल्या नि चिखलातल्या चाचण्यांनंतर तो तिनावर थांबला. आपल्याकडे असता तर ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ म्हणून आजीनेच आराखडा फाडला असता. १९७० साली ही गाडी यूएस ९० या नावाने ५९५ डॉलरला बाजारात आली. सात अश्वशक्तींचं इंजिन, २२ इंची फुगीर टायर, आणि स्प्रिंग, शॉकअप वगैरे काहीही नाही. पुढचा फोर्क म्हणजे चाक धरून ठेवणारा निव्वळ लोखंडी चिमटा. धक्के खायचं काम टायरांकडे. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा असते. हिच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच. आपल्या सायकलमध्ये एवढी हवा उरली असती तर आपण ती पंक्चरवाल्याकडे ढकलत नेली असती. पण त्या पिचपिच्या टायरांवर गाडी दगडगोट्यांवरून म्हशीसारखी निवांत डुलत जाई. १९७१ साली जेम्स बाँडसुद्धा ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये हिच्यावर बसून नेवाडाच्या वाळवंटात पळाला. जगातल्या सगळ्यात नखरेल हेराला जी गाडी बिनस्प्रिंगची चालली, ती ओहायोतल्या निवृत्त पोस्टमास्तराला चालत नाही, हा मुद्दा इथे नोंदवून ठेवतो.

अर्थात फुग्यातही एक खोट असते. तो धक्का गिळतो, पण पचवत नाही. घेतलेला धक्का तो व्याजासकट परत करतो. सावकाश चाललात तर हे डुलणं सुखाचं. वेग वाढवलात की तेच टायर चेंडू होतात आणि गाडी टप्पे खाऊ लागते. यावर ‘मग सावकाश जा’ हा सोपा उपाय होता. पण तो फुकटचा असल्यामुळे कोणी विकू शकत नव्हतं. तेव्हा १९८१ साली होंडाने एटीसी २५० आर काढली: टू-स्ट्रोक इंजिन, पुढे-मागे सस्पेन्शन, पुढे डिस्क ब्रेक. गाडी मऊ झाली म्हणून लोक जोरात जाऊ लागले. जोरात जाऊ लागले म्हणून सस्पेन्शन पुन्हा अपुरं पडलं. ते सुधारलं म्हणून आणखी जोरात. यामाहा आणि कावासाकीही आपापल्या शर्यतवाल्या तीनचाकी घेऊन या घोडदौडीत उतरल्या. सुझुकीने मात्र १९८२ सालीच चौथं चाक लावून टाकलं होतं. पुढे अपघात इतके झाले, आणि त्यांत मुलंही इतकी होती, की या वाक्यापुरता विनोद बाजूला ठेवावा. १९८८ साली अमेरिकन सरकार आणि कंपन्या यांच्यात कोर्टात करार होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली आणि २००८च्या कायद्याने त्या दाराला पुन्हा कुलूप घातलं. जुन्या गाड्या ठेवायला मात्र बंदी नाही. म्हणजे तीनचाकीच्या भक्ताला नवी घेण्याची सोयच उरली नाही. त्याने करायचं काय, तर आहे तीच सुधारत बसायची.

यावर पहिला आक्षेप येतो तो पाना हातात धरूनच: “अहो, पण जुना फोर्क खरोखरच वाईट असतो!” असतो, मी नाकारत नाही. त्या काळच्या फोर्कचा कारभार साधा. एका नळीत दुसरी नळी, आत स्प्रिंग आणि तेल, आणि तेलाने जायचं कुठून तर एका दांडीच्या ठरावीक भोकांमधून. भोकांचा नियम असा, की तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर येणारं सावकाश, भारदस्त वजन दिसलं की हा फोर्क लोटांगण घालतो. आणि एखादा चिमुकला दगड अचानक आडवा आला की ताठ उभा राहतो. सरकारी कचेरीत साहेब आणि साधा अर्जदार यांना जी वेगवेगळी वागणूक मिळते, तिच्यामागेही हेच भौतिकशास्त्र असावं. त्यात चाळीस वर्षांत नळ्यांच्या क्रोमला देवीचे व्रण पडलेले असतात आणि ऑइल सील गळत असतात. पण यावर उपायही तितकाच साधा आहे. नवे सील, ताजं फोर्क ऑइल, जरा कडक स्प्रिंगा, आणि दांडीच्या डोक्यावर बसणारी एक छोटी झडप, जी अचानक आलेल्या धक्क्याला वाट करून देते. शनिवारी सकाळी नट सैल करावेत आणि रविवारी दुपारी हात धुऊन जेवायला बसावं. फोर्क तोच, स्वभाव निराळा.

आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. हा उपाय स्वस्त आहे, पुरेसा आहे आणि नळीच्या आत आहे. आत असलेलं कोणाला दिसत नाही. सदऱ्याखालचा गंजीफ्रॉक कितीही उंची असला तरी तो दाखवत फिरता येत नाही, आणि दाखवलाच तर लोक भलत्याच गोष्टीबद्दल बोलतात. मित्र येणार, फोर्ककडे बघणार आणि विचारणार, “अजून जुनाच का?” त्यावर “आतून सुधारलाय” हे उत्तर मनुष्यांच्या बाबतीतसुद्धा कोणी खरं मानत नाही, तिथे फोर्कचं काय? म्हणून मग नजर जाते मोटोक्रॉस मोटरसायकलच्या फोर्ककडे. तो उलटा असतो. म्हणजे जाड नळी वर, बारीक खाली. सोनेरी असतो. मांडीएवढा जाड दिसतो. आत तेलाची वाट ठरवणाऱ्या पातळ चकत्यांची गड्डी असते आणि वरखाली स्क्रू असतात, जे फिरवून फोर्क मऊ-कडक करता येतो. हे स्क्रू मालक एकदा फिरवतो, फरक जाणवत नाही, पण मान डोलवतो.

आता हा जावई घरात आणायचा तर दारातच अडतो. मोटोक्रॉसचं पुढचं चाक २१ इंची रिंगचं, उंच आणि सडपातळ. टायरची रुंदी जेमतेम तीन इंच. आपल्या तीनचाकीचा पुढचा टायर आठेक इंच रुंद, ११ इंची रिंगवर बसलेला, गरगरीत. फोर्कच्या दोन नळ्यांमध्ये तो मावतच नाही. म्हणजे नळ्या दूर धरणारे रुंद क्लॅम्प हवेत, आपला मिस्त्री ज्याला ‘टी’ म्हणतो ते. ते तयार मिळाले तर ठीक, नाहीतर ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातून घ्यायचे. टी नवी म्हणून मधला दांडा नवा, दांडा नवा म्हणून बेरिंगचा कोनसेट नवा. फोर्क दुसऱ्या गाडीचा म्हणून ॲक्सल जाड, ॲक्सल जाड म्हणून जुन्या हबमध्ये शिरत नाही, हब बदलला तर ब्रेकची डिस्क जागेवर येत नाही. फोर्क लांब म्हणून गाडीचं नाक वर जातं, नाक वर म्हणून फोर्कचा कल वाढतो, कल वाढला की हॅण्डल जड होतं आणि गाडी वळायला गेलं की रुसते. मग फोर्क आतून आखूड करायचा. जाड नळ्या पूर्ण वळणावर टाकीला आपटतात, म्हणून वळणच कमी करायचं. ब्रेकचा पाइप पुरत नाही, मडगार्ड बसत नाही, दिव्याला जागा नाही. गोसाव्याच्या लंगोटीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: लंगोटी उंदीर कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गाईला गवत हवं म्हणून शेत, आणि शेवटी गोसावी संसारात. फरक एवढाच, की गोसाव्याला निदान दूध तरी मिळालं.

हिशेबाचंही तसंच. सुटा फोर्क महाग मिळतो, पण अपघातात मागून चेपलेली अख्खी मोटरसायकल त्याच्या जवळपासच्या किमतीत मिळते. नालेसाठी घोडा घेतात तो इथे. “ही कोणाची?” गॅरेजात शिरलेली बायको विचारते. “आपलीच. हिचा फक्त फोर्क हवा होता.” “आणि बाकीची?” या प्रश्नावर गृहस्थ गाडीकडे बघतो. खरंच, बाकीची चांगली आहे. मागून जरा ठोकून सरळ केली तर चालेल. इंजिन सुरू होतंय. तिला आता एकच गोष्ट कमी आहे. “हिला फक्त एक फोर्क मिळाला ना,” तो म्हणतो, आणि बायको दिवा मालवून निघून जाते. इकडे पुढचा फोर्क बसल्यावर मागचा शॉकअप, जो आजवर निमूट काम करत होता, एकाएकी खेडवळ वाटायला लागतो. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. नव्या फोर्कच्या मानाने मागचा ढिला. मागचा बदलला की दोघांच्या मानाने इंजिन म्हातारं. लेथवाला मात्र या सगळ्या काळात समाधानी असतो. “किती दिवस लागतील?” विचारलं की तो म्हणतो, “काम तसं फक्त दोन तासांचं आहे.” शब्द तोच, महागाई तीच.

दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा. ते म्हणतात, हा सगळा भ्रष्टाचार आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी. ऐकायला हे फार संयमी वाटतं. मी त्यांच्या बाजूचा झालोही असतो, पण त्यांची गॅरेजं काही निराळी दिसत नाहीत. यांच्या गाडीचंही नाक वरच असतं आणि चाक कोपऱ्यातच. का? तर फोर्कचा एक बोल्ट त्या सालचा नाही. मापाचा आहे, आट्यांचा आहे, ताकदीचा आहे. पण डोक्यावरचा शिक्का निराळा आहे. तो शिक्क्याचा बोल्ट मिळेपर्यंत गाडी हलणार नाही. एक पक्ष नवा फोर्क जुन्या गाडीला बसवण्यासाठी वर्ष घालवतो, दुसरा जुनाच फोर्क जुन्याच गाडीला बसवण्यासाठी दोन. दोघे एकमेकांना वेडे समजतात आणि या एका बाबतीत दोघांचंही निदान अचूक आहे. शुद्धतावाद्याचं वेगळेपण एवढंच, की गाडी पूर्ण झाल्यावर ती चिखलात नेणं त्याला पाप वाटतं. चिखलासाठी जन्मलेली गाडी तो मऊ फडक्याने पुसतो आणि पाहुण्यांना दोन हात लांब उभं करतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, कारण तो बायकोला सांगायचा असतो: “सुरक्षिततेसाठी करतोय.” हा तर्क तपासून बघू. ही गाडी उलटत होती ती फोर्क वाईट म्हणून नव्हे. पुढे एकच चाक, आणि मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर, डिफरन्शियल नसलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण ही दोघं एकाच दोरीने बांधलेल्या बैलांसारखी सारखीच फिरतात. म्हणून गाडी सरळच जायचा हट्ट धरते आणि चालवणाऱ्याला अंग आतल्या बाजूला झोकून तिला वळायला लावावं लागतं. मोटरसायकलच्या सवयीने तोल सावरायला पाय टेकवलात तर मागचं चाक तुमच्याच पायावरून जातं. स्वतःच्याच गाडीखाली, स्वतःच चालवत असताना सापडायची सोय दुसऱ्या फार थोड्या वाहनांत असेल. यातलं काय नवा फोर्क बरं करतो? काहीच नाही. लांब फोर्कने गाडी उंच झाली तर उलटायची सोय वाढतेच. शिवाय फोर्क चांगला म्हणून वेग जास्त, वेग जास्त म्हणून पडणं जास्त दूरवर. १९८१ ते १९८८ हाच प्रयोग कारखान्यांनी करून पाहिला होता आणि त्याचं उत्तरही लागलेलं आहे. सुरक्षिततेसाठी करण्यासारखी या गाडीत एकच सुधारणा आहे, आणि सुझुकीने ती करून ठेवली आहे: पुढे आणखी एक चाक.

गंमत अशी, की हा गृहस्थ ती एक सोडून बाकी सगळं करतो. फोर्क, टी, हब, ब्रेक, शॉकअप, हॅण्डल. पाहिजे तर इंजिनही. चौथ्या चाकाचं नाव काढा, तो दुखावतो. “मग ती तीनचाकी कशी राहील?” तो विचारतो, आणि हे त्याचं सबंध प्रकरणातलं पहिलं बिनतोड वाक्य असतं. सुधारणा माणसाला हवी असते ती मुळातली खोड शाबूत ठेवून. खोड गेली तर सुधारायचं काय? आपणही याच पंथाचे. जुन्या वाड्याला टाइल्स लावतो, पण डोकं आपटणारी चौकट आजोबांची म्हणून ठेवतो आणि पाहुण्यांना “जपून हं” म्हणून अभिमानाने सांगतो. पाहुण्याच्या कपाळावर टेंगूळ आलं की घराण्याची ओळख पटली असं समजायचं. तीनचाकीतलं न लावलेलं चौथं चाक ही तशीच एक चौकट आहे. ती बदलली की उरेल ती फक्त एक सोयीची, सुरक्षित आणि शहाणी गाडी, जी कोणत्याही दुकानात मिळते आणि जिच्यासाठी गॅरेजात रात्री अकरापर्यंत दिवा जाळायचं काहीएक कारण उरत नाही.

तरीही एक दिवस असा येतो, की फोर्क बसतो. एक वायसर उरतो, पण तो सगळ्यांनाच उरतो. गाडी ठोकळ्यांवरून खाली येते आणि मालक तिला घेऊन मोकळ्या रानात जातो. मोठे उंचवटे नवा फोर्क खरोखर झकास गिळतो. श्रेय द्यायला हवं. पण मोठ्या उंचवट्यांवरून तो जाणार किती वेळा? बाकी सारी वाट बारीक खडीची, आणि तिच्यावर हॅण्डल हातात कुरकुरत राहतं. फोर्क दुसऱ्या गाडीच्या वजनाला नि वेगाला बेतलेला. मालक त्या वेगाने जात नाही, आणि पाठीचं दुखणं बघता जाऊही नये. मालक थांबतो. सोनेरी स्क्रू दोन घर इकडे फिरवतो. फरक नाही. चार घर तिकडे फिरवतो. फरक नाही, पण मान डोलवतो. मग आजूबाजूला कोणी नाहीसं पाहून पुढच्या टायरपाशी उकिडवा बसतो, व्हॉल्व्हचं टोपण काढतो आणि नखाने थोडी हवा सोडतो. फुस्स. पुन्हा बसतो, निघतो. गाडी खडीवरून म्हशीसारखी डुलत जाते. “आता कसं!” तो स्वतःशीच म्हणतो. घरी आल्यावर शेजारी विचारतो, “झाला का फरक?” “केवढा!” मालक सोनेरी नळीवरून हात फिरवत सांगतो. ताकेउचीची दोन-अडीच पौंडांची युक्ती पुढच्या चाकात मुकाट बसलेली असते. ती टायरच्या आत असल्यामुळे कोणाला दिसत नाही.